नोकरीचा वाद वेगळा, पगाराचा वेगळा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी १ सप्टेंबर २०१९ पासून यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात व्यवस्थापक होतो. हाताखाली सुमारे १८० माणसे होती. एकूण पगार दरमहा ९६,००० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,००० रुपये. नोव्हेंबरात गोदामातील मालाच्या मोजणीत तूट निघाली. दोन सुपरवायझरांचा पगार रोखून धरण्यास संचालकांनी मला तोंडी सांगितले. चौकशी झाल्याशिवाय तसे करणार नाही, असे मी उत्तर दिले. त्यानंतर त्या दोघांचा पगार तर थांबलाच, पण माझाही नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पगार आला नाही. ९ जानेवारी २०२६ रोजी मला बोलावून 'व्यवस्थापनाचा आपल्यावरील विश्वास उडाला आहे, आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे' एवढ्याच मजकुराचे पत्र हातात देण्यात आले आणि लॅपटॉप काढून घेण्यात आला. नेमणूकपत्रात तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार अशी अट आहे, ती पाळलेली नाही. आता मालाच्या तुटीपोटी ३,४०,००० रुपये वजा करून ५९,८७१ रुपयांच्या 'पूर्ण व अंतिम' व्हाउचरवर सही करा, मगच अनुभवपत्र मिळेल, असे एचआर सांगत आहे. ओळखीचे एक वकील म्हणतात की कामगार न्यायालयात जा, नोकरी परत मिळेल. मी काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. पहिली गोष्ट पहिल्यांदा सांगतो: त्या व्हाउचरवर सही करू नका. केलीच असेल, तर आजच्या आज ईमेलने कळवा की ती सही अनुभवपत्र अडवून ठेवल्यामुळे करावी लागली आणि हिशेब आपल्याला मान्य नाही. बाकीचे सावकाश पाहू.

आपल्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, अन्यायाने नोकरी गेली. दुसरी, हक्काचा पैसा अडला. आपल्या मनात त्या एकच आहेत, आणि ज्या माणसाने हाताखालच्या दोघांसाठी संचालकांना नकार दिला त्याच्या मनात त्या एक असणे स्वाभाविकही आहे. कायद्यात मात्र त्यांचे रस्ते अगदी वेगळे आहेत. व्यवस्थापकाच्या नोकरीला आपल्याकडील कायद्याचा आधार फार तोकडा आहे. त्याच्या पगाराला तो आता बऱ्यापैकी भक्कम आहे. हे दोन्ही दावे एकत्र बांधले की कमजोर दावा भक्कम दाव्याला आपल्याबरोबर वर्षानुवर्षे खोळंबून ठेवतो. मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे आणि कंपन्यांना नेमके हेच हवे असते, एवढे खात्रीने सांगू शकतो.

आधी नोकरीचे. कामगार न्यायालयातून नोकरी परत मिळवण्याचा हक्क कायद्याच्या व्याख्येतील 'कामगारा'ला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने प्रामुख्याने व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणाऱ्यांना त्या व्याख्येतून वगळले होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तेच केले आहे. पर्यवेक्षकाचे काम करणारा असेल तर तेथे पगाराची मर्यादा पाहिली जाते. ती पूर्वी दहा हजार होती, आता अठरा हजार रुपये आहे. नुसत्या हुद्द्याच्या नावावरून हे ठरत नाही, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अर्काल गोविंदराज राव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की माणूस मुख्यतः कोणते काम करतो ते पाहावे, अधूनमधून दुसऱ्यांवर देखरेख केली म्हणून तो कामगार राहत नाही असे नव्हे. ते प्रकरण कारकुनी स्वरूपाचे काम करणाऱ्या माणसाचे होते. आपण मात्र रजा मंजूर करत होतात, वार्षिक मूल्यमापन लिहीत होतात, खर्चाच्या मंजुरीवर आपली सही चालत होती, आणि दोन माणसांचा पगार रोखण्याचा आदेश आपल्यालाच देण्यात आला, यावरूनच आपले स्थान दिसते. आपल्या वकिलांनी आपल्याला कामगार ठरवण्याचा प्रयत्न केला, तर कंपनी आपल्याच सहीचे रजेचे अर्ज न्यायालयापुढे ठेवेल आणि पहिली काही वर्षे केवळ 'आपण कोण' या प्रश्नावर खर्ची पडतील.

दिवाणी न्यायालयही खासगी कंपनीतील नोकरी सहसा परत देत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने अमलात आणायला लावत नाही, हे तत्त्व जुने आहे, आणि त्याचे अपवाद (सरकारी सेवक, औद्योगिक कायद्याखालील कामगार, आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने तोच कायदा मोडून काढलेला कर्मचारी) सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली वैश पदवी महाविद्यालयाच्या निकालात मोजून सांगितले आहेत. त्यांपैकी एकातही आपण बसत नाही. चुकीच्या सेवासमाप्तीबद्दल नुकसानभरपाई मिळते, पण ती साधारणपणे नोटीसच्या काळातील पगाराएवढीच असते. म्हणजे आपल्या बाबतीत तीन महिन्यांचा पगार, २,८८,००० रुपये. एका प्रामाणिक नकाराची ही किंमत फारच थोडी आहे, हे मलाही पटते. परंतु खोटी आशा दाखवून आपली तीन वर्षे घालवण्यापेक्षा हे आताच सांगितलेले बरे. (ज्या वाचकांना गर्भारपणाच्या किंवा प्रसूतीच्या रजेवर असताना काढले आहे, किंवा लैंगिक छळाची तक्रार केल्यानंतर काढले आहे, त्यांची गोष्ट निराळी आहे, त्यांना स्वतंत्र कायद्यांचे संरक्षण आहे आणि त्यांनी हे उत्तर आपल्याला लागू समजू नये.)

आता पैशाचे, आणि येथे चित्र पालटते. २०१९ ची वेतन संहिताही २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू झाली. जुन्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याला पगाराची मर्यादा होती आणि ती अखेरीस दरमहा चोवीस हजार रुपये होती, त्यामुळे आपल्यासारख्या व्यवस्थापकाला त्या कायद्याचा उपयोग नव्हता. नव्या संहितेतील 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारेही स्पष्ट शब्दांत आले आहेत. 'कामगार' आणि 'कर्मचारी' या दोन शब्दांतील हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण आपले सगळे प्रकरण त्याच्यावर उभे आहे: नोकरीसाठी आपण कामगार नाही, पगारासाठी मात्र कर्मचारी आहात.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, म्हणजे नोव्हेंबरचा ७ डिसेंबरपर्यंत आणि डिसेंबरचा ७ जानेवारीपर्यंत. माणसाला कामावरून काढले, किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला, तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत दिले पाहिजे. आपल्याला शुक्रवारी काढले. आपल्या कारखान्यात शनिवार कामाचा असेल तर ही मुदत १२ जानेवारीला संपली, नसेल तर १३ ला. 'फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात' हे एचआरचे पाठ केलेले वाक्य ऐकून घ्या आणि सोडून द्या. कायद्यात त्याला आधार नाही.

आता ते ५९,८७१ रुपये कोठून आले ते पाहू. आपण पाठवलेल्या हिशेबाच्या कागदावर कंपनीने दोन महिन्यांचे १,९२,००० रुपये, जानेवारीच्या नऊ दिवसांचे २७,८७१ रुपये आणि ग्रॅच्युइटीचे १,८०,००० रुपये धरले आहेत. बेरीज ३,९९,८७१. त्यातून ३,४०,००० वजा केले की ५९,८७१ उरतात. ग्रॅच्युइटीचा आकडा बरोबर आहे: ५२,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे ३०,००० होतात, आणि सहा वर्षे चार महिन्यांतील वरचे चार महिने सहा महिन्यांहून कमी असल्यामुळे मोजले जात नाहीत, म्हणून सहा वर्षांचे १,८०,०००. आपला मूळ पगार आणि महागाई भत्ता एकूण पगाराच्या निम्म्याहून अधिक असल्याने वेतनाच्या नव्या व्याख्येने हा आकडा बदलत नाही. नोटीस-पगाराची ओळ मात्र त्या कागदावर कोठेच नाही. रजेच्या पगाराचीही नाही. आपल्या खात्यावर रजा शिल्लक असेल आणि कंपनीच्या नियमांत तिचा मोबदला असेल, तर तो वेगळा मागा.

कंपनीची खरी अडचण वजाबाकीत आहे. मालाच्या नुकसानीपोटी वेतनातून कपात करता येते, पण तो माल कर्मचाऱ्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असावा लागतो, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असावे लागते, आणि कपातीपूर्वी त्याला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते. शिवाय कोणत्याही वेतनकाळात सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आपल्याला कारणे दाखवा नोटीसही मिळाली नाही. आणि गोदामाच्या किल्ल्या आपल्याकडे नव्हत्याच, त्या भांडारपालाकडे असत, असे आपणच लिहिले आहे.

ग्रॅच्युइटीचे तर आणखी सोपे आहे. नुकसानीपुरती ग्रॅच्युइटी जप्त करता येते ती केव्हा, तर ज्या कृत्यामुळे किंवा हयगयीमुळे ते नुकसान झाले त्याच कारणासाठी माणसाला काढले असेल तेव्हा. आपल्या पत्रात कारण काय आहे? 'विश्वास उडाला.' तुटीचा एक शब्दही नाही. तो का नाही, हे मी सांगू शकतो, कारण अशी पत्रे मी तयार होताना पाहिली आहेत: तूट लिहिली की आरोप होतो, आरोप झाला की चौकशी आली, आणि चौकशीत भांडारपालाचे रजिस्टर आणि मोजणीचा मूळ तक्ता पुढे आणावा लागतो. ते टाळण्यासाठी पत्रात कारण लिहायचे नाही, आणि पैसे कापताना मात्र तेच कारण पुढे करायचे, असा हा दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याचा प्रकार आहे. आपल्या लढ्यात मला सर्वांत मोलाचा कागद वाटतो तो हाच, त्यांनीच आपल्या हाती दिलेला.

म्हणून पुढच्या आठवड्यात कंपनीला एक पत्र पाठवा, ईमेलनेही आणि स्पीड पोस्टने पोचपावतीसह कागदावरही. त्यात रागाचे, उपकारांचे किंवा 'मी कंपनीसाठी रात्रंदिवस झटलो' असे एकही वाक्य नसावे. मजकूर साधारण असा असू द्या: 'माझी सेवा आपण ९ जानेवारी २०२६ रोजी समाप्त केली. नोव्हेंबर व डिसेंबर २०२५ चे वेतन आणि जानेवारीतील नऊ दिवसांचे वेतन, एकूण २,१९,८७१ रुपये, मला मिळालेले नाही. ३,४०,००० रुपयांच्या कपातीबाबत मला कोणतीही नोटीस देण्यात आलेली नाही व ती मला मान्य नाही. ग्रॅच्युइटीचे १,८०,००० रुपये व नेमणूकपत्रातील अटीनुसार तीन महिन्यांचे नोटीस-वेतन स्वतंत्रपणे देय आहे. आपण दिलेली कोणतीही रक्कम मी हिशेबापोटी व हरकत राखून स्वीकारीन.' शेवटचे वाक्य गाळू नका. कंपनीने उद्या ५९,८७१ रुपये परस्पर खात्यात जमा केले, तर ते आपण पूर्ण हिशेब म्हणून घेतले असे तिला म्हणता येऊ नये, यासाठी ते आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर वेतनाचा दावा वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे करायचा. आपल्या जिल्ह्यात हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात कळेल. दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, पण त्या भरवशावर बसू नका. प्राधिकारी वेतनाखेरीज दाव्याच्या दहापटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. दहापट प्रत्यक्षात मिळेल असे मी म्हणत नाही. परंतु तो आकडा कंपनीच्या वकिलाला ठाऊक असतो आणि तडजोडीच्या बैठकीत त्याचा परिणाम दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे. ते मिळाले नाही हे आपल्याला सिद्ध करावे लागत नाही.

ग्रॅच्युइटीसाठी वेगळा अर्ज करा. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, म्हणजे ८ फेब्रुवारीपर्यंत, आणि पुढे व्याज चढते. नोटीस-पगाराचा दावा तिसरा. तो वेतनाच्या व्याख्येत येतो की नाही यावर कंपनी वाद घालील, म्हणून पहिल्या दाव्यात त्याला मिसळू नका. लेखी करारातील ठरावीक रक्कम म्हणून दिवाणी न्यायालयात तो स्वतंत्रपणे लावता येतो. नेमणूकपत्रात लवादाचे कलम आहे का, ते मात्र आधी पाहा. दिवाळखोरी संहितेखाली नोटीस पाठवा, कंपनी घाबरून पैसे देईल, असाही सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. त्या संहितेसाठी थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते, त्यामुळे तो विषय तेथेच संपला.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लॅपटॉप गेल्यावर माणसाला वाटते की सगळेच गेले. कंपनीच्या फाइली कोणा सहकाऱ्याकडून मागवू नका. हिशेबाच्या वादाचे रूपांतर माहितीच्या चोरीच्या वादात करण्याची संधी त्यांना तेवढ्याने मिळते. आपल्याजवळ जे आहे ते पुरेसे आहे. बँकेच्या उताऱ्यावर सहा वर्षे दर महिन्याला पगार कधी जमा झाला ते दिसते, आणि शेवटचे दोन महिने कोरे दिसतात. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात त्या दोन महिन्यांची वर्गणी आहे का ते पाहा. आयकराच्या संकेतस्थळावरील २६एएस विवरणातही पाहा: नोव्हेंबर आणि डिसेंबरची करकपात तेथे दिसत असेल, तर पगार दिल्याचे कंपनीने आयकर खात्याला सांगितले आहे आणि प्रत्यक्षात तो दिलेला नाही, आणि ही विसंगती तिला प्राधिकाऱ्यासमोर समजावून सांगावी लागेल. पगार रोखण्याबाबत संचालकांशी झालेले बोलणे तोंडी होते, पण त्याच संध्याकाळी आपण त्यांना व्हॉट्सअॅपवर 'चौकशीशिवाय मला हे योग्य वाटत नाही' असे कळवले होते, असा आपल्या पत्रात उल्लेख आहे. तो संदेश ज्या फोनमध्ये आहे तो फोन बदलू नका, विकू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फोन हाती असला की ते सोपे जाते.

लॅपटॉप, शिक्के, गेटपासची पुस्तके, ओळखपत्र जे जे परत दिले त्याची अनुक्रमांकासह यादी करून ती आजच ईमेलने पाठवा, कारण घाईत पोच घ्यायची राहून गेली आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतः भरता येते. त्यासाठी कोणाच्या मागे लागू नका.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती मला सर्वांत तातडीची वाटते. कारखान्याच्या कागदोपत्री व्यवस्थापक म्हणून आपलेच नाव दिलेले असेल, तर वेतन संहितेतील 'मालक' या व्याख्येत तसा नेमलेला व्यवस्थापकही येतो. म्हणजे ज्या दोन सुपरवायझरांसाठी आपण नोकरी घालवली, त्यांच्या थकलेल्या पगाराच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून आपलेच नाव येऊ शकते. तेव्हा ९ जानेवारीपासून आपण व्यवस्थापक नाही हे कंपनीला लेखी कळवा, नवे नाव कळवण्याची मागणी करा, आणि त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात देऊन शिक्का घ्या. कंपन्या हे बदल कळवायला महिनोन्महिने लावतात, आणि मधल्या काळात एखादा अपघात झाला तर नोटीस जुन्या माणसाच्या नावाने निघते.

ते दोघे आपल्याला रोज फोन करत आहेत, हे समजण्यासारखे आहे. त्यांना त्यांचा दावा स्वतंत्रपणे, शक्य तर एकाच अर्जात दोघांनी मिळून करू द्या. संहितेत त्याची सोय आहे, आणि ते संघटनेचे सभासद असतील तर संघटनाही तो करू शकते. आपण जे पाहिले आणि ऐकले ते खरे खरे लिहून, तारीख घालून त्यांना द्या. त्यांचे नेतृत्व मात्र स्वीकारू नका, आणि आपला दावा त्यांच्या दाव्यामागे बांधू नका. आपण साक्षीदार म्हणून उभे राहिलात तर त्यांना बळ मिळेल. पुढारी म्हणून उभे राहिलात, तर कंपनी त्या दोघांना आपली फूस म्हणून रंगवील.

राहता राहिले अनुभवपत्र. ते अडवून धरणे हेच कंपनीचे खरे हत्यार आहे, पण नव्या ठिकाणी मुलाखतीला जाताना नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचा सेवा-इतिहास एवढ्यावर सहा वर्षांची नोकरी सिद्ध होते, आणि बहुतेक कंपन्यांचे भागते. का सोडली, असे विचारले तर 'हिशेबाच्या एका प्रश्नावर मतभेद झाले आणि कंपनीने नोटीस न देता सेवा संपवली; वेतनाचा दावा चालू आहे' एवढे सांगा. तुटीची सविस्तर कहाणी सांगत बसू नका, आणि राजीनामा दिला असे तर मुळीच सांगू नका, कारण नवा मालक जुन्या मालकाला फोन करतोच. एचआरने पुन्हा फोन केला तर तोंडी काही कबूल न करता एवढेच म्हणा की, ईमेल पाठवा, मी लेखी उत्तर देतो. मोजणीच्या मूळ तक्त्याची आणि भांडारपालाच्या रजिस्टरची प्रत मात्र पहिल्याच पत्रात मागा. ते ती देणार नाहीत, आणि मागूनही दिली नाही ही नोंद पुढे प्राधिकाऱ्यासमोर आपल्या उपयोगी पडेल.